मॅडम, मग खरं वय कोणतं?

(वाचक शिक्षिकेच्या पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

"मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवते. नोकरीला आठ वर्षं झाली. यंदा नववीच्या ३८ मुलांना 'लोणार सरोवर' हा प्रकल्प दिला. ३१ वह्यांत एकच मजकूर निघाला, चुकांसकट. शेवटच्या पानावर सगळ्यांचं 'संदर्भ : गूगल'. सहा जणांनी मोबाइलमधल्या एआयला विचारून लिहिलं. भाषा छान, खाली पुस्तकांची यादीसुद्धा. पण त्यातली दोन पुस्तकं मी शोधली तर ती कुठेच नाहीत. राहिली एक मुलगी. तिने सरोवराचं वय एका पानावर ५२ हजार वर्षं लिहिलं आणि दुसऱ्या पानावर ५ लाख ७० हजार, आणि मला येऊन विचारलं, 'मॅडम, मग खरं वय कोणतं?' मला सांगता आलं नाही. 'एकच काहीतरी लिही' म्हटलं. पुढच्या प्रकल्पाला मोबाइलवर बंदी घातली, तर मुलांनी स्टेशनरीच्या दुकानातून छापील माहितीचे कागद आणून चिकटवले. वर्गात एकदा व्हॉट्सॲपवरच्या अफवांबद्दल बोलले, तर एका मुलाने घरच्या ग्रुपवर काकांचा मेसेज खोटा आहे असं लिहून टाकलं. त्याचे वडील शाळेत येऊन 'मोठ्यांना उलट बोलायला शिकवता का?' विचारून गेले. मुख्याध्यापक म्हणतात, आधी पोर्शन पूर्ण करा. मुलांना कष्टच नकोत असं वाटायला लागलंय. माहिती शोधायला, तपासायला शिकवू तरी कसं? बंदी चालू ठेवू, कॉपीचे गुण कापू, की हा नाद सोडून देऊ?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या एका मुलीपाशी थांबले. ३७ वह्यांनी तुम्हाला इतका मनस्ताप दिलाय की तिची वही त्या ढिगात दबून गेली. पण तिने काय केलं ते बघा. एका ठिकाणी आकडा वाचला आणि तिथे थांबली नाही. दुसरीकडे वाचला, तेव्हा दोन्हींत दहापटीहून जास्त फरक आहे हे तिच्या लक्षात आलं. सोयीचा आकडा ठेवून दुसरा खोडून टाकला नाही. दोन्ही लिहिले आणि ज्यांना माहीत असेल असं वाटलं त्यांना येऊन विचारलं. माहिती कशी शोधावी, कशी तपासावी हे वर्गाला कसं शिकवू, असं तुम्ही मला विचारताय. वर्गातल्या एकीने ते स्वतःहून करून दाखवलंय.

आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर. हे सरोवर उल्का आदळून झालं, आणि ती कधी आदळली याचे हे दोन्ही आकडे शास्त्रज्ञांचेच आहेत. ५२ हजारांच्या आसपासचा आकडा १९९० च्या दशकातला. त्या पद्धतीत, खडक शेवटचा कधी तापला हे त्यात साठलेल्या ऊर्जेवरून काढतात. ५ लाख ७० हजारांचा आकडा त्यानंतरचा. उल्का आदळल्यावर वितळून पुन्हा थिजलेल्या खडकात पोटॅशियमपासून किती आरगॉन वायू तयार झालाय, ते मोजून तो काढलाय. आज अभ्यासकांचा कल दुसऱ्या आकड्याकडे आहे, पण पहिला आकडा असंख्य लेखांत आणि वेबसाइटवर तसाच राहिलाय. म्हणजे तुमच्या विद्यार्थिनीच्या हाताला चूक लागली नव्हती. एखादी गोष्ट माणसाला टप्प्याटप्प्याने कशी कळत जाते, ते तिच्या हाताला लागलं होतं. नववीतल्या मुलीला हे दहा मिनिटांत समजावता येतं.

'एकच काहीतरी लिही' म्हणालात म्हणून स्वतःला फार बोल लावू नका. मी ३१ वर्षं शाळेत ग्रंथपाल होते आणि माझ्याकडूनही हे झालंय. 'युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं' हा मेसेज मी परिपाठात सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवला होता. आठवीतला एक मुलगा नंतर ग्रंथालयात आला आणि म्हणाला, "बाई, युनेस्कोचं तसं पत्र आहे का?" मी त्याला म्हटलं, देशाबद्दल चांगलं सांगितलं तर शंका कशाला काढतोस? युनेस्कोने असं काहीही जाहीर केलं नव्हतं, हे मला पुढे कळलं. तोवर तो मुलगा शाळा सोडून गेला होता. त्याची माफी मागायची राहून गेली, ते अजून मनाला लागून आहे.

आता त्या ३१ वह्या. मुलांना कष्ट नकोत, या तुमच्या म्हणण्यापाशी मी जरा अडते. तुम्ही त्यांना काय दिलं होतं? 'लोणार सरोवर'. हा विषय झाला, प्रश्न कुठे आहे? विषय दिला की त्यावरची तयार माहिती आणून द्यायची असते, आणि ती मुलांनी आणली. त्यांच्या लेखी त्यांनी काम पूर्ण केलं. ते घरी कसं झालं असेल हेही डोळ्यांसमोर आणा. घरात फोन एक, तो वडिलांचा. ते रात्री आठ-नऊला येतात. दिवसाचा डेटा तोवर संपत आलेला. पहिला हक्क मोठ्या भावाचा, आणि मुलीच्या हातात फोन पंधरा-वीस मिनिटं, तोही कुणीतरी मागे उभं असताना. 'लोणार सरोवर माहिती मराठी' असं टाकलं की जे पहिलं पान उघडतं तेच उतरवून घेतलं जातं, कारण दुसरं उघडायला वेळच नसतो. यात आळसही थोडा असेल, नाही कशाला म्हणू? पण आळसाचा इलाज करण्याआधी प्रश्न बदलून बघा.

लोणारचंच घ्या. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. तुमच्या मुलांच्या घरच्यांना तो लॉकडाउनचा उन्हाळा चांगलाच आठवत असेल. मुलांना विचारा : तेव्हा तुमच्या घरात, गल्लीत, फोनवर लोक त्याचं काय कारण सांगत होते? तीन माणसांना विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. मग शोधा की तपासणीत काय निघालं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या घटनेची दखल घेतली होती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचं सांगितलं. ते जीव तळाशी बसले की वरचं पाणी पुन्हा नितळ दिसतं. हा प्रकल्प एका पानावरून उतरवता येत नाही, कारण त्यातला अर्धा भाग मुलांच्या आजीकडे आणि शेजारच्या काकांकडे आहे. स्टेशनरीच्या दुकानातही तो मिळणार नाही.

याच प्रश्नावर वर्गात एक प्रयोग करा, एका फोनवर होतो. आधी 'लोणार गुलाबी चमत्कार' असं शोधा आणि पहिली पाच शीर्षकं फळ्यावर लिहा. मग 'लोणार गुलाबी कारण' असं शोधा आणि ती पाच शेजारी लिहा. मग 'लोणार गुलाबी आघारकर'. शब्द बदलला की समोर येणारी पानं कशी बदलतात ते मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू दे. आपण जे शब्द टाकतो, त्यांत आपल्याला हवं असलेलं उत्तर बरेचदा आधीच दडलेलं असतं. ही एक गोष्ट मुलांना कळली तरी तो तास कारणी लागला असं मी म्हणेन.

आता पान समोर आलं, त्यावर विश्वास ठेवायचा का, ते कसं ठरवायचं? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी यावर केलेला अभ्यास २०१७ मध्ये पुढे आला. त्यांनी ४५ जणांना अनोळखी वेबसाइट तपासायला दिल्या : १० इतिहासाचे अभ्यासक, २५ विद्यार्थी आणि १० व्यावसायिक तथ्यतपासनीस. अभ्यासक आणि विद्यार्थी यांतले बरेच जण समोरचं पान वरपासून खालपर्यंत नीट वाचत बसले आणि छान दिसणाऱ्या बोधचिन्हाला, भारदस्त नावाला फसले. तपासनीस त्या पानावर रेंगाळलेच नाहीत. लगेच बाहेर पडून, या संस्थेबद्दल इतर कोण काय म्हणतंय, ते त्यांनी पाहिलं.

हे आपल्या मुलांना परकं वाटायचं कारण नाही. ताईचं लग्न ठरवताना घरात काय चालतं हे त्यांनी पाहिलेलं असतं. मुलाच्या घरी जाऊन पोहे खाल्ले, घर पाहिलं, माणसं गोड बोलली, एवढ्यावर कुणी होकार देतं का? शेजारी चौकशी होते, गावात ओळखीचं कोण आहे ते शोधलं जातं, मुलगा जिथे कामाला आहे तिथे कुणाकडून तरी विचारणा होते. वेबसाइटने स्वतःबद्दल लिहिलेलं म्हणजे मुलाकडच्यांनी स्वतःबद्दल सांगितलेलं. चौकशी बाहेर करायची. मी हे उदाहरण बऱ्याच वर्गांत दिलंय आणि मुली ते मुलांच्या आधी पकडतात.

त्यातच आणखी एक गोष्ट सांगा. ३१ वह्यांत एकच मजकूर आहे म्हणून तो ३१ पट खरा होत नाही. एकाच विहिरीचं पाणी ३१ घागरींत भरलंय. इंटरनेटवरही तसंच असतं : दहा पानांवर तेच वाक्य दिसतं, त्याच चुकीसकट, तेव्हा ती दहा पानं मिळून साक्षीदार एकच.

'संदर्भ : गूगल' हे मात्र पुढच्या प्रकल्पापासून बंद करा. कुठल्या गावाहून आलात असं विचारल्यावर कुणी 'एसटीने' म्हणून सांगितलं, तर आपण पुन्हा विचारतोच ना, अहो पण गाव कोणतं? गूगल ही एसटी आहे. गाव म्हणजे ते पान, ते कुणी लिहिलं आणि कधी लिहिलं. एवढं एका ओळीत मागा. लिहिणाऱ्याचं नाव सापडलं नाही तर 'नाव नाही' असं लिहू द्या. ते लिहिताना मुलाच्या हाताला जो अडखळा येतो, तो यावा यासाठीच हा सगळा खटाटोप.

एआयच्या सहा वह्यांबद्दल मी तुमच्याइतकी चिडणार नाही, कारण मोठेही यात फसलेत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी एआयने दिलेले जुने निवाडे कोर्टात सादर केले. ते निवाडे कधी झालेच नव्हते. न्यायाधीशांनी ५ हजार डॉलरचा दंड केला. असा चॅटबॉट पुढचा शब्द कोणता शोभेल ते बघत वाक्य जुळवत जातो, त्यामुळे पुस्तकाचं शोभेलसं नावही तयार होतं. वर्गात नियम एकच ठेवा : जे पान तू स्वतः पाहिलंस तेच संदर्भात लिही, आणि मी म्हणेन तेव्हा ते मला दाखव. एआयला विचारायला हरकत नाही, पण त्याने सांगितलेलं प्रत्येक नाव जाऊन बघायचं. ती न सापडलेली दोन पुस्तकं त्या सहा जणांनाच शोधायला लावा. शिक्षा म्हणून नको. शोधून दमल्यावर 'मॅडम, हे पुस्तक नाहीच' असं त्यांनी येऊन सांगितलं, तर त्याचे गुण द्या.

तुमच्या बंदीचं काय झालं ते तुम्हीच लिहिलंय : मोबाइल गेला आणि छापील कागद आला. मजकूर उतरवायचा कुठून, एवढंच बदललं. छापलेलं म्हणजे पक्कं हा समज तर मोबाइलइतकाच धोक्याचा. आपला मराठी विश्वकोश घ्या. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली १९७६ मध्ये पहिला खंड निघाला, पुढे वीस खंड झाले आणि आज ते इंटरनेटवर फुकट वाचता येतात. नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, म्हणून मुलांना सुरुवात तिथून करायला लावणं मला आवडतं. पण प्रत्येक खंडाला त्याचं साल आहे. त्यानंतर लागलेला शोध त्यात कुठून येणार? खंडाचं साल बघायची सवय लावा. पाठ्यपुस्तकाच्या बाबतीतही तेच.

गुण कापण्याऐवजी गुण दुसरीकडे हलवा. प्रकल्पाचे निम्मे गुण कच्च्या वहीला द्या. रंगीत मुखपृष्ठ, चमचमती किनार यांना शून्य. कच्च्या वहीत काय शोधलं, कुठे सापडलं, कुठे दोन जणांचं जुळलं नाही आणि कशावर विश्वास ठेवला, ते तोडक्यामोडक्या वाक्यांत चालेल. कॉपी केलेल्या प्रकल्पाला कच्ची वही नसतेच, त्यामुळे तुम्हाला पोलिसगिरी करावी लागणार नाही. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना आठवड्यातला एक ऑफ तास शाळेच्या संगणकावर द्या, तिघांत एक. संगणक धूळ खात पडला असेल तर तो सुरू करून घेणं हाच या वर्षीचा प्रकल्प समजा.

आता त्या मुलाच्या वडिलांचं. इथे मी थोडी तुमच्या विरुद्ध बाजूला आहे. त्याने खरं सांगितलं, पण चारचौघांत आणि वयाने मोठ्या माणसाला. आपल्याकडे चाळीस नातेवाइकांच्या ग्रुपवर पुतण्याने 'हे खोटं आहे' लिहिलं, तर काका मेसेज विसरतात आणि अपमान लक्षात ठेवतात. तपासणी शिकवताना हेही शिकवावं लागतं. त्याला सांगा, काकांना वेगळा फोन कर, आणि विचार, 'काका, हे तुम्हाला कुणी पाठवलं? शाळेत आम्हाला मूळ कुठलं ते शोधायला सांगितलंय, मदत करता का?' काका शोधायला लागले तर अर्धं काम झालं. आणि वडिलांना पुन्हा शाळेत बोलवा. त्यांच्याशी राईनपाड्याबद्दल बोला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, त्या गावात, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा फोनांवरून फिरत होती. ती पाच माणसं सोलापूरकडून आली होती, आणि 'हे कुठून आलं?' असं विचारून जमावाला थांबवणारं तिथे कुणी निघालं नाही. तुम्ही त्यांच्या मुलाला उलट बोलायला शिकवत नाही आहात. अशा गर्दीत तो हात उचलणाऱ्यांत नसावा म्हणून धडपडताय. हे त्यांना शांतपणे, खुर्चीवर बसवून, चहा देऊन सांगा. मुलाचा बाप हे समजून घेतो, असा माझा अनुभव आहे.

मुख्याध्यापकांना वेगळी तासिका मागू नका, ती मिळणार नाही. त्यांना एवढंच सांगा की २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात डिजिटल साक्षरता आणि चिकित्सक विचार दोन्ही आहेत, आणि केरळात कन्नूर जिल्ह्यातल्या दीडशेच्या आसपास सरकारी शाळांनी २०१८ मध्ये खोट्या बातम्या ओळखायचे धडे सुरू केले होते. आणि मग परिपाठातली तीन मिनिटं मागा. परिपाठ रोज असतोच, फळ्यावर सुविचार रोज असतोच, आणि त्याखाली कुणातरी थोर माणसाचं नाव असतं. ज्याची पाळी असेल त्याने तो सुविचार त्या माणसाने कुठे लिहिला किंवा कुठल्या भाषणात म्हटला, ते शोधून आणायचं. सापडलं नाही तर नाव पुसायचं आणि सुविचार तसाच ठेवायचा. पहिल्या महिन्यात किती नावं पुसली जातात ते बघून शिक्षकखोलीतही बोलणं सुरू होईल. दिवाळीच्या सुमारास 'अवकाशातून दिसणारी दिवाळीची रात्र' हा नासाच्या नावावर फिरणारा फोटो लावा आणि मुलांना त्याचं मूळ शोधू द्या. निरनिराळ्या वर्षांचे रात्रीचे दिवे वेगवेगळ्या रंगांत दाखवून, वस्ती कशी वाढली ते सांगण्यासाठी उपग्रहाच्या नोंदींवरून केलेलं ते चित्र आहे. दिवाळीशी त्याचा संबंध नाही.

सगळं एकदम सुरू करू नका. दिवाळीपर्यंत फळ्यावरचा सुविचार आणि संदर्भाची एक ओळ एवढंच पुरे, कच्ची वही दुसऱ्या सत्रात.

आणि सोमवारी त्या मुलीला बोलवा. त्या दिवशी मलाच माहीत नव्हतं, असं तिला वर्गासमोर सांगा. मग दोन्ही आकडे तिच्या हाताने फळ्यावर लिहून घ्या, आणि प्रत्येकाशेजारी तो कसा मोजला आणि साधारण कधी मोजला तेही. तिला ते दोन आकडे कुठल्या पानांवर सापडले आणि घरात फोन तिच्या हाती किती वेळ होता, हे विचारायला विसरू नका. तिचं उत्तर मला जरूर कळवा.